पुलाच्या अलीकडे

गव्हर्नर येतात, गव्हर्नर जातात, एझेल मात्र जागचा हलत नाही, असं त्या पांढऱ्या खांबांच्या घरात पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं जाई. पाहुणे हसत. एझेल मॅकनेअर कॉफीची किटली धरून तिथेच उभा असे आणि तोही हसे. न हसणाऱ्या माणसाला तुरुंगाच्या कापूसशेतावर परत धाडायला एक फोन पुरत होता.

कारण एझेल तिथे पगारी नोकर नव्हता. कैदी होता. घरात काम करणारे पाचही जण कैदी होते, आणि पाचही जण खुनाच्या शिक्षेवर होते. राज्याची ती जुनी चाल होती: गव्हर्नरच्या घरी तुरुंगातून माणसं आणायची आणि ती खुनीच आणायची. चोर नको, चोराची सवय सुटत नाही. खुन्याचं भांडण एकाच माणसाशी असतं आणि तो तर आधीच मातीत गेलेला असतो. हा शहाणपणा कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे, पण त्याच्या भरवशावर कितीतरी गव्हर्नरांनी खुन्यांच्या वस्तऱ्याखाली मान दिली होती आणि एकालाही साधं खरचटलं नव्हतं.

या चालीचा दुसरा भाग कैद्यांच्या कामाचा होता. मुदत संपवून घर सोडताना गव्हर्नरने शेवटच्या दिवशी घरातल्या कैद्यांच्या सुटकेवर सही करायची. कुठल्याही कायद्यात हे नव्हतं. पण त्या एका सहीसाठी माणसं चार-चार वर्षं चांदीचे चमचे घासत, उशांना अभ्रे चढवत आणि तोंडातून ब्र काढत नसत.

एझेलच्या वाट्याला ती सही अकरा वर्षांत आली नव्हती.

जिन्याखालच्या लांब दालनात माजी गव्हर्नरांची तैलचित्रं ओळीने लावलेली होती. नवा कुणी माजी झाला की त्याचं चित्र दाराजवळच्या पहिल्या खिळ्यावर चढे, बाकीचे सगळे एकेक खिळा मागे सरकत आणि टोकाचा जो उरे त्याची रवानगी माळ्यावर होई. हे काम एझेलचं. मोठमोठ्या माणसांना तो पाठीमागच्या फळीवरून ओळखत असे: याची चौकट वाळवीने खाल्लेली, त्याची तार सैल. तीन गव्हर्नर त्याने स्वतःच्या हाताने भिंतीला टांगले होते, आणि तिघांनीही त्याला लटकतच ठेवलं होतं.

पहिले बोलिंग. एझेल घरात आल्यावर सातच महिन्यांनी ते गेले. बाकीच्या चौघांच्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या आणि एझेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नवा आहेस रे अजून. पुढचा काही तुला विसरायचा नाही."

पुढचे क्रूज. ते खरोखरच विसरले नाहीत. मोठ्या मनाचा, मोठ्या पोटाचा माणूस. एझेलचा कागद त्यांनी तयार करून टेबलाच्या खणात ठेवला होता, फक्त सही शेवटच्या दिवशी करायची म्हणाले, चाल मोडायची नाही. तिसऱ्या वर्षी एका शुक्रवारी त्यांनी नदीकाठच्या मेजवानीत कॅटफिशचे अकरा तुकडे हाणले आणि शनिवारी सकाळी न्हाणीघरात त्यांचं हृदय बंद पडलं. दार एझेलनेच फोडलं. टबातून त्यांना बाहेर ओढताना त्याच्या मनात पहिला विचार त्या खणाचा आला. त्याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

तिसरे स्टॅन्सबेरी. उपगव्हर्नर होते, क्रूज यांच्या जागी आले, मग स्वतःही निवडून आले आणि पाच वर्षं राहिले. त्यांच्या बायकोचा, मिस लॉरेलचा (तिकडे नोकरांच्या तोंडी लग्न झालेली बाईही मिसच), एझेलवर फार जीव. शेवटच्या दिवशी चौघांचे कागद सही होऊन आले, एझेलचा नाही. मिस लॉरेल स्वयंपाकघरात आली, डोळ्यांत पाणी. "एझेल, नव्या मंडळींना मी सांगून टाकलंय, आम्ही तुमच्यासाठी पियानो ठेवतोय, चांदीची भांडी ठेवतोय आणि एझेलला ठेवतोय. तुला इथून हलवू नये म्हणून मला किती भांडावं लागलं, तुला कल्पना नाही." बाईने हे इतक्या मायेने सांगितलं की एझेलला तिचे आभार मानावे लागले.

माणसाचा गळा कापायचे अनेक प्रकार आहेत, त्यांतल्या या प्रकाराला शिक्षा नाही.

आणि आता हे चौथे, लँड्रम हेगूड. निवडणुकीत गावोगावच्या सभांत त्यांनी एकच वाक्य गाजवलं: "माझ्या घराच्या दारातून एकही खुनी मोकळा बाहेर पडणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट होई. मग ते निवडून आले, बायको मिस ऑगस्टासह त्या घरात उतरले, आणि त्यांच्या ट्रंका पाच खुन्यांनी उचलून वर नेल्या. घरातला खुनी त्यांना चालत होता. घराबाहेरचा चालणार नव्हता.

"आता काय करायचं रे?" बागेत काम करणाऱ्या हर्शेलला एझेलने विचारलं होतं. हर्शेल साठीचा, जिभेने तिखट.

"करायचं काय? चार वर्षं चमचे घास. मग पाचवा येईल. तुला काय, तू तर पियानोबरोबर आलास."

एझेलला घाई होती ती स्वतःसाठी नव्हती. त्याची धाकटी बहीण वर्लीन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन तास बसने येऊन स्वयंपाकघरामागच्या पायऱ्यांवर त्याच्याजवळ बसे. एझेलने मारला तो वर्लीनचा नवरा होता. वीस वर्षांपूर्वी, लाकडाच्या वखारीत, कुऱ्हाडीच्या दांड्याने, एकाच घावात. त्याआधी दोन वर्षं तो माणूस वर्लीनला काय काय करत होता ते कोर्टात कुणी विचारलं नाही. वर्लीनने दुसरं लग्न केलं नाही. तिने एझेलसाठी निळा सदरा शिवून ठेवला होता आणि दर वसंतात धुऊन, इस्त्री करून तो पुन्हा खुंटीला लावत होती.

हेगूड यांचं दुसरं वर्ष सरता सरता ती पायऱ्यांवर म्हणाली, "भाऊ, डॉक्टर म्हणाले साखरेने डोळे खाल्ले. उजवा गेलाच. डावा वर्षभर टिकला तर टिकला."

एझेलने तिचा हात हातात घेतला.

"मला रडायचंबिडायचं नाहीये. फक्त तुला एकदा माणसाच्या कपड्यांत बघायचंय. वीस वर्षं ही पांढरी विजार आणि ही निळी पट्टी बघतेय. आंधळी झाल्यावर डोळ्यांसमोर तीच राहील ना रे."

कैद्यांची ती खूण होती, पांढऱ्या विजारीवर बाजूने खाली गेलेली निळी पट्टी. एझेलने मान खाली घालून ती पट्टी पाहिली आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

आता त्या वहीबद्दल सांगायला हवं. क्रूज गेले तेव्हा डॉक्टरला फोन किती वाजता केला यावरून मागाहून बरीच वादावादी झाली होती. तेव्हापासून घरात नियम झाला की येणारा-जाणारा प्रत्येक फोन वहीत लिहायचा: कोण, कुठून, किती वाजता. फोनशेजारी जाड वही, सुतळीला बांधलेली पेन्सिल, वर भिंतीवरचं घड्याळ. फोन एझेल घेई, म्हणून वहीही एझेलची. तो आला तेव्हा त्याला आपलं नाव जेमतेम लिहिता येत होतं. त्या वहीत त्याचं अक्षर सुधारलं, वळणदार झालं. स्टॅन्सबेरी पाहुण्यांना ती वही दाखवत. "बघा, एक मिनिट इकडचं तिकडे नाही!" एझेलचा ऊर त्या क्षणी भरून यायचा. अकरा वर्षांत स्वतःची म्हणावी अशी त्याच्याजवळ तेवढीच एक गोष्ट होती.

संधी आली ती फेस्टस क्वार्ल्स यांच्या रूपाने. हे उपगव्हर्नर. त्या राज्यात गव्हर्नर आणि उपगव्हर्नर वेगवेगळे निवडून येतात, त्यामुळे एकाला दुसऱ्याचं तोंड बघवत नसलं तरी दोघं एकाच गाडीला जुंपलेले असतात. हेगूड यांनी भर सभेत क्वार्ल्सना "चालतं बोलतं मढं" म्हटलं होतं. पंचाहत्तरीच्या क्वार्ल्सनी ते गाठीला बांधून ठेवलं होतं.

आणि राज्यघटनेत एक जुनं कलम होतं. गव्हर्नरने राज्याबाहेर पाऊल टाकलं की त्या क्षणापासून सगळे अधिकार उपगव्हर्नरकडे. परत आत पाऊल टाकलं की त्या क्षणी परत. राज्याची पूर्वेची हद्द म्हणजे नदी, आणि नदीवर पूल. हर्शेलचा त्यावर ठरलेला विनोद होता. "पुलाच्या मधोमध गव्हर्नर कोण रे? कॅटफिश!"

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी क्वार्ल्स घरी बैठकीला आले, ते जाताना स्वयंपाकघरात डोकावले. एझेलच्या हातचं पीच कॉब्लर ते गेली अकरा वर्षं खात होते, पीचच्या फोडींवर पिठाचं खरपूस बदामी कवच आलेलं, गरम.

"एझेल, लेका, शनिवारी साहेब पलीकडे फुटबॉलचा सामना बघायला जाणार ना?"

"हो साहेब. मिस ऑगस्टापण. सकाळी नऊला निघणार, संध्याकाळी परत."

"म्हणजे शनिवारी गव्हर्नर मी." म्हातारा डोळे बारीक करून हसला. "तुझा कागद कचेरीतल्या इमोजीनकडून तयार करून घेतो. बाराला येतो. कॉब्लर कर. तिच्या मारी, त्याच्याच टेबलावर बसून, त्याच्याच पेनने सही करतो!"

यात दयेपेक्षा खुन्नस जास्त होती, हे एझेलला कळत होतं. पण बुडत्याने दोर फेकणाऱ्याचा स्वभाव बघत बसायचं नसतं. त्याने तीन दिवस पीच निवडण्यात घालवले.

शनिवारी नऊला हेगूड नवरा-बायको संघाच्या रंगाचे स्वेटर घालून निघाले. साडेबाराला क्वार्ल्स आले. मागोमाग गव्हर्नरच्या कचेरीच्या चिटणीस, मिसेस इमोजीन पिकन्स, शिक्क्याची पेटी छातीशी धरून आल्या. या बाईंनी सहा गव्हर्नर पाहिले होते आणि एकाशीही त्यांचं फारसं जमलं नव्हतं. त्यांचं जमायचं ते फक्त नियमांशी.

"आधी सही करून घ्या, मिस्टर क्वार्ल्स," त्या म्हणाल्या.

"मिस्टर? आज गव्हर्नर म्हण, इमोजीन! आणि उपाशीपोटी राज्य कुणी केलंय? एझेल, वाढ."

एझेलने वाढलं. तळलेली कोंबडी, लोण्यातली बिस्किटं, कोलार्डची भाजी, आणि शेवटी कॉब्लर. अकरा वर्षांचं सगळं कसब त्याने त्या एका जेवणात ओतलं, आणि तिथेच त्याचं चुकलं म्हणायचं. क्वार्ल्सनी कॉब्लर तीनदा घेतलं. मग टेबलाच्या टोकाच्या गव्हर्नरच्या खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "जरा पाच मिनिटं," आणि हनुवटी छातीवर टेकवून घोरायला लागले.

पाच मिनिटांची पंचवीस झाली, पंचवीसचा तास झाला. टेबलावर कागद, कागदावर पेन. एझेल भिंतीशी उभा. मिसेस पिकन्सनी विणकाम काढलं.

"उठव त्यांना," शेवटी त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तुम्हीच उठवा ना, मिस इमोजीन."

"मी? अन् गव्हर्नरला?"

"मग मी कोण, बाईसाहेब?"

त्याने नुसता खांद्याला हात लावायचा होता. पण बोलावल्याशिवाय गोऱ्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, हे एझेलच्या हाडात मुरलं होतं. क्रूजना टबातून काढलं तेव्हाही त्याने आधी "माफ करा साहेब" म्हटलं होतं, आणि तेव्हा तर साहेब मेलेले होते. तो एकदा दणकन खोकला. एकदा चमचा पाडला. म्हातारा घोरतच राहिला.

तेवढ्यात फोन वाजला.

एझेल धावत गेला. "गव्हर्नरसाहेबांचं घर."

"एझेल! अठ्ठावीस-शून्य!" हेगूड ओरडत होते. "अर्ध्यावरच! गाढवं आहेत सगळी. मी उठून निघालो. आत्ताच पूल ओलांडला, लार्किनला पेट्रोल भरतोय. तासाभरात पोचतो. रात्रीला कॅटफिश कर. आणि ऑगस्टाचं डोकं चढलंय, तिच्या खोलीचे पडदे ओढून ठेव."

"हो साहेब."

फोन ठेवून एझेल परतला तेव्हा क्वार्ल्स डोळे चोळत होते. "कोण होतं रे?"

आयुष्यात तो खोटं बोलला नव्हता. कोर्टातही नाही; तिथे बोलला असता तर कदाचित सुटला असता.

"घरचेच, साहेब. रात्रीच्या जेवणाचं सांगत होते."

शब्द न शब्द खरा होता. क्वार्ल्सनी जांभई दिली, पेन उचललं आणि झोकदार सही केली. मिसेस पिकन्सनी घड्याळ बघून सहीखाली तारीख-वेळ घातली, दोन वाजून पन्नास मिनिटं, आणि शिक्का दाबला.

"जा लेका," क्वार्ल्स म्हणाले. "आणि ऐक, मागच्या दाराने नाही. पुढच्या दाराने जा. चांगला ऐटीत जा."

तरी तो लगेच गेला नाही. आधी कॅटफिश साफ करून ताकात भिजत घातला. वर जाऊन मिस ऑगस्टाच्या खोलीचे पडदे ओढले. मग कागद खिशात घालून पुढच्या दाराने, पांढऱ्या खांबांमधून उतरला. कुंपणाशी हर्शेलने टोपी काढून हातात धरली. त्याच्या तोंडून त्या वेळी एकही विनोद निघाला नाही.

वर्लीनने दार उघडलं. तिने खुंटीवरचा सदरा काढून त्याच्या हातात दिला. तो घालून आला तेव्हा तिने त्याला खिडकीच्या उजेडात उभं केलं, डावा डोळा पार त्याच्या छातीजवळ आणला, आणि गुंडी गुंडी करत वर त्याच्या चेहऱ्यापर्यंत गेली.

"हातात ढिला झालाय," ती म्हणाली. "वाळलास तू." आणि मग ती खूप रडली.

रविवारी दोघं चर्चला गेली. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. सोमवारी दुपारी दोघं ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. एझेलचं तिला सगळं सांगून झालं होतं, झोप, फोन, पूल.

"म्हणजे सही झाली तेव्हा खरा गव्हर्नर अलीकडे आला होता?" वर्लीन हसली. "बाई गं! आणि कुणालाच ठाऊक नाही?"

"माझ्याशिवाय कुणाला नाही. साहेबांना फोन केल्याचं आठवेल, पण वेळ कुठली आठवतेय त्यांना? सही कधी झाली तेही त्यांना…"

तो मध्येच थांबला. त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

फोन ठेवताना पेन्सिल त्याच्या हातात होती. त्याने काहीही ठरवलं नव्हतं, हाताने आपलं आपण लिहिलं होतं. आता त्याला ती ओळ स्वच्छ दिसत होती, वळणदार अक्षरात: गव्हर्नरसाहेब, लार्किनहून, पुलाच्या अलीकडे, दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं.

"भाऊ? काय झालं?"

त्याने सांगितलं. वर्लीनने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "पान फाडायला लाव ना कुणाला. त्या हर्शेलला फोन कर."

"फोन केला तर तोही वहीत लिहितील."

वर्लीनला एकदम हसू फुटलं, मोठ्याने, आणि त्या हसण्याचं पुढे काय झालं ते सांगायला नको. मग ती म्हणाली, "पळ. आत्ताच्या आत्ता पळ. नदी ओलांड."

"आणि तुला कोण बघणार?"

"मला मी बघेन!"

"तेच तर तुला जमणार नाहीये ना, वर्लीन."

मंगळवारी सकाळी ते आले तेव्हा एझेल निळा सदरा घालून ओसरीवर बसला होता. सदरा त्याने काढून, घडी घालून वर्लीनच्या हातात दिला. कपडे बदलेपर्यंत पोलीस पाठ करून उभे राहिले, तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

त्याला वाटलं शेतावर नेतील. पण गाडी पांढऱ्या खांबांसमोरच थांबली. दिवाणखान्यात हेगूड टेबलावर ती वही उघडून बसले होते, शेजारी सरकारी वकील. हेगूड रागावलेले नव्हते. उलट त्यांचा चेहरा फुललेला होता.

"ये एझेल. घाबरू नकोस, तुझी काही चूक नाही. त्या मढ्याने तुला फसवलं." त्यांनी वहीवर बोट आपटलं. "माझी पेट्रोलची वेळ कुणालाच आठवेना, मलासुद्धा नाही! मग ऑगस्टा म्हणाली, अहो, एझेलची वही बघा. आणि हे बघ! दोन एक्केचाळीस. इमोजीनने सही मांडलीये दोन पन्नासला. एका ओळीत निकाल. कायद्याची थट्टा झाली असती, तुझ्या या अक्षराने वाचवली." ते वकिलाकडे वळले. "स्वतःच्या विरुद्ध जाईल ते लिहून ठेवणारा माणूस! सांगा, असा माणूस मी कुठून आणू? याला मी हातचा घालवीन का?"

"थँक यू, साहेब," एझेल म्हणाला.

दाराशी मिस ऑगस्टा उभी होती. "एझेल, बरं झालं बाई वेळेवर आलास. गुरुवारी चाळीस बायका जेवायला आहेत. आणि शनिवारचा कॅटफिश काय सुरेख भिजला होता!"

त्या दिवसापासून एझेलने एक गोष्ट केली. ती कुणाला कळली नाही, आणि कळूनही कुणाचं काही बिघडणार नव्हतं. फोन आला की तो पेन्सिल उचले, घड्याळाकडे नीट बघे, आणि दुसरीच वेळ लिही. कधी बारा मिनिटं पुढची, कधी वीस मागची. अक्षर तेच, वळणदार. हेगूड पाहुण्यांना वही दाखवत आणि म्हणत, एक मिनिट इकडचं तिकडे नाही. पाहुणे माना डोलावत.

हेगूड यांनी आपला शब्द पाळला. शेवटच्या दिवशी कुणाच्याच कागदावर सही केली नाही. पांढऱ्या खांबांसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि ते निघून गेले. एझेलने त्यांचं चित्र पहिल्या खिळ्यावर लावलं, स्टॅन्सबेरी, क्रूज, बोलिंग यांना एकेक खिळा मागे सरकवलं, आणि टोकाला उरलेले कुणी दाढीवाले माळ्यावर नेले. पाचवे गव्हर्नर आले. पियानोला सूर लावून घेतला गेला.

त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्लीन शेजारणीच्या हाताला धरून आली. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. शेजारीण फाटकाशी थांबली. एझेलने बहिणीला धरून पायरीवर बसवलं.

नवे गव्हर्नर कसे आहेत, ते सही करतील का, असलं तिने काही विचारलं नाही. तिने त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाली, "भाऊ, अंगात काय घातलंयस?"

एझेलने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. पट्टी नव्यानेच धुतलेली होती.

"निळा सदरा," तो म्हणाला.

वर्लीनचा हात पुढे आला, त्याच्या बाहीवर टेकला. तुरुंगाच्या मागावरचं ते जाडंभरडं कापड तिने अंगठ्याने हळूहळू चाचपलं, वरपासून मनगटापर्यंत. निळा सदरा तिच्या घरी खुंटीवर होता, आणि ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"शोभतो तुला," ती म्हणाली.

आत फोन वाजत होता. तो उठला नाही, तेव्हा तिनेच त्याच्या दंडाला हलकं ढकललं. "जा. घे. नाहीतर ओरडतील तुला."

एझेल आत गेला. "गव्हर्नरसाहेबांचं घर," तो म्हणाला, आणि पेन्सिल उचलून घड्याळाकडे बघू लागला.